साहेबाच्या नावाचा खडक

भात कापून झालं, भारे खळ्यावर आले, की माझा उजवा खांदा दुखायला लागतो. वैद्य म्हणतो वात आहे. वात असता तर पावसात दुखला असता. पावसाळाभर हाच खांदा नांगर धरतो, बैलामागं चिखल तुडवतो, कधी कुरकुर करत नाही. कार्तिक लागला, सकाळचं धुकं प्रबळगडाच्या माथ्यावरून उशिरा हलायला लागलं, शेतातली धसकटं तळव्याला टोचायला लागली, की हा जागा होतो. त्याला वाटतं शिसं फेकायचे दिवस आले. शिशाला हात लावून तीस वर्षांच्या वर झाली, पण ते खांद्याला कुणी सांगितलेलं नाही.

परवा झोडणी चालली होती. मी भारा उचलला, फळीवर आपटला आणि तसाच उभा राहिलो. वाळल्या पेंढ्याचा वास नाकात गेला की मला खाऱ्या पाण्याचा वास येतो. लोकांना हे सांगून पटत नाही. दरवर्षी पेंढ्याचा वास सुटला की मी घर सोडायचो, म्हणून दोन्ही वास एकमेकांना चिकटून बसलेत.

"आला वाटतं तुमचा सायेब खळ्यावर," आमची कारभारीण म्हणाली. "बसवू नका त्याला. हातात भारा द्या. तेवडाच एक मानूस वाढंल."

तिला उत्तर द्यायचं नाही एवढं मी संसारात शिकलो. शाळेत त्याहून कमी शिकलो. पंतोजींकडं दीड पावसाळा गेलो, अक्षरं आली, आकडे आले, मग बैलामागं माणूस कमी पडला. हे जे लिहितो आहे ते त्या दीड पावसाळ्याच्या अकलेचं आहे. शुद्ध पाहिजे असेल त्यानं दुसरीकडं वाचावं.

आमच्या लोधिवलीतून समुद्र दिसत नाही. माथेरानच्या कड्यावर चढून बघितलं तर पश्चिमेला एक पांढरी रेघ दिसते, तीही हवा स्वच्छ असली तर. समुद्राचं आणि आमचं नातं म्हणजे पनवेल बंदर. पेंढ्याची गाडी भरून न्यायची, येताना मीठ आणि सुकी मासळी आणायची. नेरळला आगगाडी येऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती, पण आमच्या बैलांना त्याचं काही नव्हतं, ते पनवेलचीच वाट चालायचे.

अशाच एका खेपेला मी साहेब पहिल्यांदा बघितला. ओहोटी लागलेली. खाडीच्या मधल्या चिखलात एक गोरा मांडीपर्यंत रुतून उभा. वीस-बावीसचा असेल. दोन्ही हातांनी पितळेचं एक यंत्र डोक्यावर धरलेलं, बाहीवर सोनेरी पट्टी एक, नाकाचं साल उन्हानं निघालेलं. त्याचे खलाशी काठावर हसू दाबून उभे होते, कारण जाईल तोही रुतणार. मी धोतर खोचलं आणि गेलो. चिखलातून पाय सरळ वर ओढायचा नसतो. आधी टाच वळवायची, चिखलात वारा शिरू द्यायचा, मग पाय आपोआप सुटतो. लावणीच्या शेतात हे पाच वर्षांच्या पोरीला येतं. साहेबाच्या गुडघ्याला धरून मी त्याची टाच वळवली. एक बूट तिथंच राहिला. अजून असेल.

काठावर आल्यावर त्यानं काहीतरी विचारलं. त्याचा टंडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, इसुब नावाचा रत्नागिरीकडचा मुसलमान होता. अर्धी पिकलेली दाढी, पुढचे दोन दात नाहीत.

"सायेब इचारतो," इसुब म्हणाला, "तुला चिखलाची विद्या कुणी शिकवली?"

"आयशीनं," मी म्हणालो. "आनि हा नुसता चिखल नाय म्हणावं. वरचा थर नदीचा हाय, त्यात आमच्या डोंगराची तांबडी माती हाय. खालचा काळा समुद्राचा. त्याला शिंपल्याची कचकच लागती."

साहेबानं बोटांत दोन्ही चिखल चोळून बघितले आणि वहीत लिहिलं. मी बोललेलं कुणी लिहून घेतलं असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. माणूस कशाला भुलतो ते सांगता येत नाही. मी एका वहीला भुललो.

साहेबाचं काम खाड्या आणि किनारा मोजायचं. सरकारी जहाज लांब उभं राहायचं आणि हे लहान होडीतून पाणी मोजत फिरायचे. दोरीला शिशाचा लांबट गोळा, गोळ्याच्या बुडाला खळगा. खळग्यात चरबी भरायची. शिसं तळाला टेकलं की दोरीवरून खोली कळते, आणि चरबीला चिकटून वर येईल त्यावरून तळ कसा आहे ते कळतं. वाळू, गाळ, शिंपला. काहीच चिकटलं नाही आणि चरबीला घाव पडला तर समजायचं खाली खडक आहे.

"चरबी कुनाची?" शिसं फेकायला ये असं साहेबानं म्हटलं तेव्हा मी विचारलं होतं.

"पिपात भरून इलायतेतून येती," इसुब म्हणाला. "कुनाची ते पिपालाच ठावं."

मी म्हणालो, मग मी येत नाही. माझ्या आईला हे कळलं तर ती मला उंबऱ्यात घेणार नाही. शेवटी मीच तोड काढली. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतून मी मेण आणीन, तेलात मळून खळग्यात भरीन. साहेबानं मेण बोटानं दाबून बघितलं. म्हणाला, चिखल चिकटला म्हणजे झालं. माझ्या आणि इसुबच्या देखत म्हणाला. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्यानंतर तीन हंगाम मी गेलो. भात खळ्यावर आलं की निघायचं, राब, म्हणजे रोपं टाकायची जागा, भाजायच्या आत परत. सकाळच्या गार पाण्यावर होडी निघायची तेव्हा वल्ह्यांशिवाय कसला आवाज नसायचा. मी पुढच्या फळीवर उभा. शिसं दोनदा झुलवायचं, तिसऱ्यांदा सोडायचं. दोरीला दर वावाला, म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढ्या लांबीवर, खुणा बांधलेल्या, कुठं चामड्याचा तुकडा, कुठं तांबडं फडकं, डोळे मिटून नुसत्या हाताला कळायच्या. मग मोठ्यानं सांगायचं: "पाच वाव, काळा गाळ." मागं साहेब लिहायचा. पुन्हा शिसं. दिवसाला तीनशे वेळा तरी. न दिसणाऱ्या जमिनीवर मी हात फिरवत होतो. खाली शेतं आहेत, बांध आहेत, घळी आहेत, आणि ते सगळं आपल्या तळहाताला कळतं आहे, हे सुख मला पुढं कधी मिळालं नाही. स्वतःच्या शेतातही नाही.

साहेबाचा बाप गावचा पाद्री होता. चौथा मुलगा, म्हणून चौदाव्या वर्षी जहाजावर घातला. हे तो भाकरी खाता खाता सांगायचा. आमचीच भाकरी खायचा. मराठी इसुबकडून शिकला, त्यामुळं साधं पाणी मागितलं तरी शिवी दिल्यासारखं वाटायचं. एकदा तापानं फणफणला तेव्हा इसुबनं सहा दिवस त्याला हातानं पेज भरवली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर ओहोटी किती वाजता आहे. असा माणूस. मला तो "चिखल" म्हणायचा. दुसरा कुणी म्हणाला असता तर दात पाडले असते.

किनाऱ्यावरच्या खलाशांना मी खुपायचो. समुद्र त्यांच्या बापजाद्यांचा, आणि शिसं फेकणार हा भातवाला. त्यातून साहेबानं उघड सांगितलं होतं की ह्या हंगामानंतर इसुब घरी जाईल आणि टंडेल मी होईन. खाड्यांचा नकाशा चांगला उतरला की साहेबाच्या बाहीवर दुसरी पट्टी चढणार आणि त्या पट्टीमागं माझी टंडेलकी. आमच्या गावातून आजवर कुणी बैलाखेरीज कुणावर हुकूम चालवला नव्हता. मला ती टंडेलकी किती हवी होती हे आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या हंगामात, दक्षिणेकडच्या एका खाडीच्या तोंडाशी, मोठा साहेब काम बघायला आला. बाहीवर तीन पट्ट्या. होडीत मागं बसला. आमचा साहेब त्याला कागद दाखवत होता, हात फिरवून सांगत होता. इंग्रजी मला कळत नाही, पण हात कळतो. तो सांगत होता, हे सगळं तोंड स्वच्छ आहे, गाळच गाळ.

मी शिसं सोडलं. सहा वाव जायला हवं होतं, तिसऱ्या खुणेवर दोरी ढिली पडली, आणि तळहाताला एक कडक टोला बसला. नांगर खडकाला लागतो तेव्हा बसतो तसा.

"तीन वाव," मी ओरडलो. "खडक."

"काय?" साहेब म्हणाला.

"खडक हाय, सायेब. शिसं वाजलं."

"सहा वाव गाळ. काल मोजलं."

"काल हितं नाय मोजलं. काल पार तिकडं होतो."

मोठ्या साहेबानं काहीतरी विचारलं. आमच्या साहेबाची मान लाल झाली. मी शिसं वर घेऊन बूड त्याच्यासमोर धरलं. मेणाला गाळाचा कण नव्हता आणि कडेला चावल्यासारखा घाव होता. त्यानं तो घाव बघितला. नीट बघितला.

"मेन टनक झालंय. जुना घाव असंल," तो म्हणाला. "चरबी लाव, पुन्यांदा टाक. मंग लिवतो."

इसुबनं चरबीचा डबा उघडून माझ्यापुढं केला. हळूच म्हणाला, "लाव रं. येकदाच. तुजा गाव काय बघाया आलाय हितं?"

गाव नव्हता. पण दहा खलाशी बघत होते. काहींच्या तोंडावर हसू आलंच होतं. मी साहेबाला म्हणालो, "तुमी बोल्ला हुता, चिखल चिकटला म्हंजी झालं."

"चरबी लाव."

"मंग मी टाकत नाय."

शिसं दुसऱ्याच्या हातात गेलं, त्यानं खरवडून चरबी भरली. एवढ्यात ओहोटीनं होडी खाली सरकली होती. मी सांगत होतो, होडी मागं घ्या, ही जागा ती नव्हे. त्यानं टाकलं, सहा वाव आलं, काळा गाळ आला. साहेबानं सहा लिहिलं. पेन्सिलीचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी उठून शिसं हिसकावलं आणि मांडीवर घेऊन फळीवर बसलो. म्हणालो, खडक लिहीपर्यंत हे कुणाला मिळणार नाही.

त्याच दुपारी मला किनाऱ्यावर उतरवलं. बोचकं इसुबनं आणून दिलं. साहेब पाठ करून उभा होता.

चालत घरी आलो. राब भाजायला सुरुवात झाली होती, सगळ्या शिवारावर धूर. मला वाटलं, नोकरी गेली पण जातीत मान राहिला. तर पहिल्याच पंगतीत मला वेगळं बसवलं. समुद्रावर राहिला, मुसलमानाच्या चुलीशी जेवला. मी सांगितलं, चरबीला शिवलो नाही म्हणून तर घालवलं मला. आमच्या भावकीतला एक म्हातारा पान खात म्हणाला, "शिवला नाय, ह्ये पायलं कुनी?" सगळे हसले. नदीत बुड्या मारून, मिशी काढून मी परत पंगतीत बसलो. ज्यांच्यासाठी डबा मागं सारला, त्यांनीच विचारलं साक्षीदार कुठं आहे. तेव्हापासून मला पंगतीतलं अन्न गोड लागलेलं नाही.

चार-पाच वर्षांनी पनवेलच्या बंदरावर इसुब भेटला. दाढी आणखी खाली आलेली. मला बघून हसला.

"तुजा दगड गावला," तो म्हणाला. "पुडल्याच हंगामात. आमोशेच्या ओहोटीला साफ दिसला, खाली काळा. सायबानं सोताच्या हातानं मोजला. नकाशात नाव लागलंय त्या दगडाला."

"माजं?"

"तुजं कसं लागंल रं येड्या. त्येचं."

मी मिठाचं पोतं गाडीत टाकलं. इसुब चाकाला टेकून उभा होता. म्हणाला, "मोठं ढोर हायस तू. डब्यात बोट घातलं असतंस तर आज मला हुकूम केला असतास." डोळे पुसत म्हणाला की हसत, ते मी बघितलं नाही.

साहेब वर चढत गेला. दुसरी पट्टी, तिसरी. लग्न झालं. मग सगळं बंदर त्याच्या हाताखाली आलं. पनवेलला येणाऱ्या टंडेलांकडून मला कळायचं, मी न विचारताही. ते मोठेपणानं सांगायचे, साहेब स्वतः होडीत बसतो, माणसाला नावानं हाक मारतो. मी ऐकायचो आणि बैल जुंपायचो. त्याच्या बाहीवर सोनं चढत होतं आणि मी दर पावसात त्याच चार तुकड्यांत पाय बुडवत होतो. माझ्या मनात त्या खडकावर रोज एक जहाज फुटायचं. खरं कधीच फुटलं नाही. फुटणार कसं, नकाशात नाव होतं.

प्लेगाच्या आधी एका कार्तिकात ठाकरवाडीच्या बायका सांगत आल्या की बंदराचा म्हातारा साहेब माथेरानला हवा खायला आला आहे, गुडघे गेलेत, खुर्चीतून नेतात. मी झोडणी अर्धी टाकली.

"सायबाला काय नेताय?" कारभारणीनं विचारलं.

"मी मागाया नाय चाललो."

"म्हनून तर न्या," ती म्हणाली, आणि नव्या भाताचे पोहे फडक्यात बांधून दिले.

चौक गावाकडच्या वाटेनं चढलो. वर जांभळीच्या सावलीत बंगला, ओटीवर लांब खुर्ची. पाय स्टुलावर, गुडघ्यांना फडकी गुंडाळलेली, केस पांढरे. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. पायांकडं बघितलं आणि म्हणाला, "चिखल."

पोहे घेतले. हातावर ओतून कोरडेच खाल्ले. बोलला बरंच. किती खाड्या मोजल्या ते, एक मुलगा इथंच पुरला ते. पुढच्या महिन्यात जहाज आहे, तिकडं मला ओळखणारं आता कुणी नाही, म्हणाला. त्याचं मराठी अजून इसुबचंच होतं. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, "खडक हुता, सायेब."

त्यानं हाताला चिकटलेले पोहे झटकले. मग म्हणाला, "हुता. तू बरुबर हुतास. मेनावरचा घाव बगितला तवाच मला कळलं."

"मंग?"

"मोठा सायेब होडीत हुता. त्येच्यासमोर वरडलास. सांजच्याला तंबूत येऊन सांगितलं असतंस तर..."

"शिसं वाजलं की तवाच वरडायचं. तुमीच शिकीवलंत."

"हो," तो म्हणाला. "मीच."

एवढ्यावर मी उठायला हवं होतं. पण मला ते पुरेना. बटलर चहा घेऊन येत होता, बागेत मडम फुलं तोडत होती. मी म्हणालो, "आता ह्ये त्यांच्यासमोर बोला. त्या दिशी दहा माणसं हुती. आज दोगं तरी असूं द्या."

बटलरनं चहा ठेवला. साहेबानं माझ्याकडं बघितलं, मडमेकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि बटलरला काहीतरी इंग्रजीत सांगितलं. बटलर आतून एक जाड गरम कोट घेऊन आला आणि माझ्यापुढं धरला.

"नको," मी म्हणालो. "आनि सायेब, तुमी बोल्लात त्यातलं मी कायबी ऐकलं नाय."

कोट तसाच ठेवून मी डोंगर उतरलो.

खाली आल्यावर कारभारणीनं विचारलं, भावकीनं विचारलं. मी सांगितलं, साहेब कबूल झाला नाही. पुढच्या वर्षी पनवेलला इसुब भेटला. साहेब विलायतेच्या वाटेवर जहाजातच गेला, ही बातमी त्यानंच आणली. मग विचारलं, "तुला भेटला म्हनं. कबूल झाला का रं?"

"नाय," मी म्हणालो.

ज्याला हातानं पेज भरवली तो माणूस शेवटपर्यंत खोटाच राहिला, हे इसुबला गिळवत नव्हतं. त्यानंतर इसुब दोन वर्षं जगला, पण त्यानं साहेबाचं नाव तोंडातून काढलं नाही. ते मी काढून घेतलं त्याच्याकडून.

साहेबानं तीनाच्या जागी सहा लिहिलं, म्हणून मी त्याला जन्मभर शिव्या घातल्या. त्यानं पुढच्या हंगामात जाऊन तो आकडा खोडला तरी. मी "नाय" म्हणालो ते तसंच ठेवलं, एकही ओहोटी मी त्यासाठी शोधली नाही. म्हणून आता, होडीतलं कुणी उरलेलं नसताना, लिहितो: तो बोलला होता. मी दोन्ही कानांनी ऐकलं होतं.

हे इथवर लिहून काल खळ्यावर कारभारणीला वाचून दाखवलं. तिनं हात न थांबवता ऐकलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"कसं?"

"डोंगर उतरून आलात त्या दिशी जेवला नाय तुमी. सायेब नाय म्हनला असता तर त्याला शिव्या घालत चार भाकऱ्या खाल्ल्या असत्यात."

"मंग येवडी वर्सं बोल्ली का नायस गं?"

"आनि तुमी?" ती म्हणाली. सूप उचललं, वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली, आणि भात पाखडायला लागली. मी पुढं काय म्हणतो ते ऐकायला ती थांबली नाही.